संपत्तीची विषमता

एखाद्या समाजातील व्यक्तींच्या किंवा कुटुंबांच्या निव्वळ संपत्तीची वाटणी असमान असणे, यास संपत्तीची विषमता म्हणतात. जमीनजुमला, घरे, धंद्यातील भांडवल, शेअर, रोखे, ठेवी, सोनेनाणे या सर्वांच्या बाजारमूल्यातून कर्जे व अन्य देणी वजा केली, की निव्वळ संपत्ती उरते. उत्पन्न हा ठरावीक काळातील ओघ असतो, तर संपत्ती हा एखाद्या दिवशी मोजलेला साठा असतो. अनेक वर्षांची बचत, वाडवडिलांकडून आलेला वारसा, मालमत्तेच्या किमतींतील चढउतार आणि डोक्यावरचे कर्ज या सर्वांचा परिणाम त्या साठ्यात एकवटलेला असतो. म्हणूनच संपत्तीची विषमता जवळजवळ सर्वच देशांत उत्पन्नाच्या विषमतेपेक्षा बरीच तीव्र आढळते. जागतिक विषमता अहवाल २०२२ नुसार जगातील सर्वांत वरच्या १० टक्के लोकांकडे एकूण उत्पन्नाचा सुमारे ५२ टक्के वाटा होता, पण संपत्तीतील त्यांचा वाटा ७६ टक्के होता. खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला संपत्तीपैकी अवघे २ टक्के आले होते.

विषमता मोजण्यासाठी माक्स लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये मांडलेला वक्र (लोकसंख्येच्या किती हिश्शाकडे एकूण संपत्तीचा किती हिस्सा आहे, हे दाखवणारी रेषा) आणि कोर्रादो जिनी यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक (पूर्ण समतेसाठी ०, पूर्ण विषमतेसाठी १) ही साधने प्रचलित आहेत. वरच्या १ किंवा १० टक्क्यांचा वाटा सांगण्याची पद्धत त्यांहून सुबोध असल्याने अलीकडे अधिक वापरली जाते. खरी अडचण सूत्राची नसून माहितीची आहे. घरोघरच्या पाहण्यांत अतिश्रीमंत कुटुंबे क्वचितच सापडतात आणि सापडली तरी सगळे सांगत नाहीत, त्यामुळे संशोधकांना वारसा कराची विवरणपत्रे किंवा व्याज-लाभांशावरून मूळ भांडवलाचा अंदाज बांधणे असे आडमार्ग धरावे लागतात. शिवाय आकडा एकटा फसवाही असतो. उत्पन्नाच्या बाबतीत समतावादी मानल्या जाणाऱ्या स्वीडनमध्ये संपत्तीची विषमता बरीच मोठी दिसते, कारण निवृत्तिवेतन, शिक्षण आणि आजारपण यांची तरतूद सरकार करत असल्याने सामान्य कुटुंबाला त्यासाठी पैसा साठवण्याची निकड कमी भासते आणि सरकारी निवृत्तिवेतनाचा हक्क संपत्तीत धरला जात नाही.

आर्थिक वृद्धीशी असलेल्या नात्याविषयी जुना विचार असा होता, की श्रीमंत लोक उत्पन्नाचा मोठा हिस्सा शिल्लक टाकतात, शिलकेतून गुंतवणूक होते आणि गुंतवणुकीतून वृद्धी होते. म्हणून विषमता ही वृद्धीची किंमत मानावी. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असे सुचवले, की औद्योगिकीकरणाच्या आरंभी विषमता वाढते आणि पुढे आपोआप घटते. हे अनुमान उत्पन्नाविषयी होते, संपत्तीविषयी नव्हे, आणि आपल्या निबंधात पुरावा जेमतेम ५ टक्के असून उरलेला तर्क आहे, अशी कबुली खुद्द कुझनेट्स यांनी दिली होती. पुढच्या काही दशकांत मात्र ते नियमासारखे उद्‌धृत होत राहिले. फ्रेंच अर्थतज्ज्ञ तोमा पिकेटी यांनी २०१३ मध्ये याच्या उलट मांडणी केली : भांडवलावरील परताव्याचा दर अर्थव्यवस्थेच्या वृद्धिदराहून दीर्घकाळ अधिक राहिला, तर आधीची संपत्ती उत्पन्नापेक्षा वेगाने वाढते आणि वारशाचे महत्त्व वाढत जाते. १९१४ ते १९४५ या काळात विषमता घटली, त्याचे श्रेय त्यांनी आपोआप होणाऱ्या प्रक्रियेला न देता युद्धे, महामंदी, चलनवाढ आणि चढे कर यांना दिले. या मांडणीवर मॅथ्यू रॉन्ली यांनी २०१५ मध्ये घेतलेला आक्षेप महत्त्वाचा आहे. भांडवलाच्या वाट्यात झालेली निव्वळ वाढ मुख्यत्वे घरांमुळे आहे, असे त्यांनी दाखवले. तसे असेल तर प्रश्न कारखानदारांच्या नफ्यापेक्षा शहरांतील जमिनीच्या टंचाईशी अधिक निगडित ठरतो.

विषमता वृद्धीला मारक ठरते ती प्रामुख्याने कर्जबाजाराच्या वाटेने. तारण ठेवण्याजोगे काहीच नसलेल्या होतकरू माणसाला धंद्यासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज मिळत नाही, आणि त्याची गुणवत्ता त्याच्याबरोबर समाजाच्याही उपयोगी पडत नाही. ओडेड गेलॉर व जोसेफ झेइरा यांनी १९९३ मध्ये या कल्पनेला सैद्धांतिक रूप दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान येथे जमीनदारी मोडून कुळांना जमिनी देण्यात आल्या आणि त्यानंतर या देशांनी दीर्घकाळ वेगवान वृद्धी अनुभवली. त्या वृद्धीमागे निर्यात, शिक्षण आणि परकीय मदत यांचाही वाटा होता, तरीही संपत्तीच्या फेरवाटपाने वृद्धी खुंटतेच, हा दावा या उदाहरणापुढे टिकत नाही. संख्याशास्त्रीय अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. क्रिस्टिन फोर्ब्स यांना २००० मध्ये अल्प व मध्यम मुदतीत विषमता आणि वृद्धी यांच्यात धन संबंध (एक वाढली की दुसरीही वाढते असा) आढळला. त्याच वर्षी रॉबर्ट बॅरो यांना तो गरीब देशांत ऋण (उलट दिशेचा) आणि श्रीमंत देशांत धन दिसला. हे बहुतेक अभ्यास उत्पन्नाच्या आकड्यांवर आधारलेले आहेत. संपत्ती थेट विचारात घेणाऱ्या मोजक्या अभ्यासांपैकी सुतीर्थ बागची व यान श्वेनार यांचा २०१५ मधील अभ्यास उल्लेखनीय आहे. अब्जाधीशांची संपत्ती राजकीय लागेबांध्यांतून उभी राहिली असेल तर तिचा वृद्धीवर प्रतिकूल परिणाम दिसतो, तशी नसेल तर ठळक परिणाम दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. विषमता किती आहे याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती कशातून आली हे पाहावे लागते, आणि करांच्या चर्चेतही हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

करयंत्रणेला ओघ पकडणे सोपे जाते, साठा पकडणे अवघड. पगारातील कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. शेअर किंवा जमीन यांची किंमत वाढली, तर ती विकेपर्यंत बहुतेक देशांत त्या वाढीवर कर लागत नाही. त्यामुळे ज्याच्याजवळ भरपूर शेअर आहेत तो ते न विकता तारण ठेवून कर्ज काढतो. कर्ज हे उत्पन्न नसल्याने त्यावर प्राप्तिकर बसत नाही. अमेरिकेत तर मालकाच्या मृत्यूनंतर नफा मोजताना वारसाची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते, त्यामुळे हयातभर साचलेला भांडवली नफा प्राप्तिकराच्या कक्षेतून कायमचा निसटतो. प्राप्तिकराचे दर कितीही चढे ठेवले तरी ही वाट त्याने बंद होत नाही. अमेरिकेत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर १९५० च्या दशकात बराच काळ ९१ टक्के होता आणि १९८८ पर्यंत तो २८ टक्क्यांवर आला. वृद्धीचा दर मात्र या कपातीच्या प्रमाणात वाढला नाही.

साठ्यावरच कर बसवण्याचा सरळ उपाय म्हणजे वार्षिक संपत्ती कर. त्याचा दर दिसतो त्याहून जड असतो. १०० रुपयांच्या मालमत्तेवर ५ टक्के परतावा मिळत असेल, तर २ टक्के संपत्ती कर परताव्याचा ४० टक्के हिस्सा नेतो. परतावा २ टक्केच असेल, तर सगळाच नेतो आणि तोटा झाला तरी देय राहतो. या कराने आळशी मालमत्तेला डिवचले जाते व कार्यक्षम मालकाला तुलनेने कमी झळ बसते, असे समर्थक म्हणतात. नव्या कंपनीचा संस्थापक कागदोपत्री श्रीमंत असला तरी कर भरण्यापुरती रोकड त्याच्याजवळ नसते, असे विरोधक म्हणतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांपैकी १९९० मध्ये १२ देशांत हा कर होता, २०१७ मध्ये केवळ ४ देशांत उरला, आणि फ्रान्सने २०१८ पासून तो स्थावर मालमत्तेपुरता मर्यादित केला. तो मोडीत निघण्याचे कारण बहुधा त्यातील सवलती होत. शेती, कौटुंबिक उद्योग, कलावस्तू असे एकेक वगळत गेले, की अतिश्रीमंत सुटतात आणि मध्यमवर्गीय घरमालक सापडतो. भारतात अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या शिफारशीनंतर १९५७ मध्ये आलेला संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, तेव्हा २०१३-१४ मधील त्याची वसुली १,००८ कोटी रुपये इतकीच होती. येथील मृत्युकर (मृत व्यक्तीच्या मालमत्तेवरील कर) त्याआधीच, १९८५ मध्ये, संपुष्टात आला होता. स्वित्झर्लंडमध्ये मात्र कँटन (तेथील घटक राज्य) पातळीवरील संपत्ती कर टिकून असून त्यातून राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे १ टक्का महसूल मिळतो. तेथे खाजगी व्यक्तीच्या शेअरविक्रीच्या नफ्यावर सहसा कर नाही, हे ध्यानात घेतले तरच हे उदाहरण नीट समजते.

वृद्धीला सर्वांत कमी बाधक मानला जाणारा कर जमिनीच्या मूल्यावरील होय. जमिनीचा पुरवठा कर वाढल्याने घटत नाही, आणि शेजारी रस्ता किंवा रेल्वे आल्याने तिची किंमत वाढते त्यात मालकाचे कर्तृत्व नसते. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये याच आधारावर केवळ जमिनीवर कर बसवण्याचा पुरस्कार केला. अर्थतज्ज्ञांची पसंती असूनही घरमालक मतदारांच्या विरोधामुळे तो क्वचितच पूर्णत्वाने अमलात येतो. वारसा कराचेही तसेच आहे : ज्याने संपत्ती कमावली त्याच्या कष्टांवर त्याचा परिणाम वार्षिक कराहून सौम्य असतो, तरी मोजक्याच कुटुंबांना लागू होणारा हा कर सर्वसामान्यांतही अप्रिय असतो. स्वीडनने तो २००४ च्या अखेरीस रद्द केला.

मालमत्ता परदेशी नेऊन कर टाळण्याचा मार्ग २०१४ नंतर बँक खात्यांच्या माहितीची देशादेशांत आपोआप देवाणघेवाण सुरू झाल्याने काहीसा अरुंद झाला, पण जमीनजुमला आणि नावापुरत्या काढलेल्या कंपन्या यांच्याआडची मालकी अजूनही सहज उघड होत नाही. २०२४ मध्ये ब्राझील जी-२० चा अध्यक्ष असताना अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी अब्जाधीशांवर संपत्तीच्या किमान २ टक्के इतका वार्षिक कर आकारण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्यातून वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर मिळतील असा अंदाज दिला. त्या वर्षी सदस्य देशांनी अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर बसावा यासाठी सहकार्य करण्याचे मान्य केले. कराचा दर मात्र त्यांच्या घोषणापत्रात नव्हता.