बरगंडीच्या तळघरात दहावा घोट कळावा म्हणून

फ्रान्सच्या बरगंडी या वाइनच्या प्रांतात, बोन गावाच्या आसपास वाइन चाखत हिंडायचं तर चवीच्या आधी अल्कोहोलचा हिशेब मांडावा लागतो. चाखायला पेल्यात फार तर 50 मिलिलिटर ओततात. वाइन 13 टक्क्यांची असेल तर त्यात 5 ग्रॅम अल्कोहोल येतं. असे दहा पेले पाठोपाठ गिळले तर 70 किलोच्या पुरुषाच्या रक्तात लिटरमागे सुमारे 1 ग्रॅम अल्कोहोल होतं. फ्रान्समध्ये 0.5 ग्रॅमलाच गाडी चालवणं गुन्हा ठरतो. तेव्हा थुंकायचं. तळघरात त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि यजमानही थुंकतोच.

थुंकल्याने चव हुकत नाही. घोट जिभेवर घोळवा, ओठ जरासे उघडून हवा आत ओढा, थुंका आणि लगेच नाकाने श्वास सोडा. घशामागून नाकात चढणारा वास हाच आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा हिस्सा.

तळघरात तापमान 12 अंशांच्या आसपास असतं. शार्दने द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनला ते मानवतं, पण पीनो न्वार द्राक्षाची लाल वाइन तिथे अबोल वाटते: थंडाव्यात सुगंधी रेणू कमी उडतात आणि तुरटपणा वर येतो. एरवी पेला दांडीला धरायचा. इथे मात्र पेल्याच्या पोटाला दोन्ही तळवे लावून दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा हुंगा. फरक कळतो.

तुरटपणाचं कारण लाळेत आहे. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतलं तुरट द्रव्य, लाळेतल्या प्रोलीनयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करतं, तोंडातलं वंगण जातं आणि सुपारी चघळल्यासारखी जीभ खरखरीत होते. लाळ पुन्हा सुटायला वेळ लागतो. त्याआधी पुढचा घोट घेतला की तुरटपणा साचत जातो आणि बिचाऱ्या चौथ्या वाइनच्या माथी दोष येतो. मध्ये पाणी, साधा पाव आणि थोडी उसंत हवी. चीज नको, ते वाइनचे दोष झाकतं.

बरगंडीत बऱ्याच ठिकाणी आधी लाल आणि मग पांढरी देतात. पीनो न्वारची साल पातळ, टॅनिन बेताचं. उलट ओकच्या पिंपातली शार्दने भरदार आणि आंबट. तिच्यामागून नाजूक लाल वाइन फिकी पडते.

हिवाळ्यात गेलात तर 228 लिटरच्या पिंपातून काचेच्या नळीने काढलेली कोवळी वाइन मिळू शकते. ती जिभेला चुरचुरली तर बिघडलीय असं समजू नका. जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करत असतात, त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो.

खरा बिघाड वेगळा: ओल्या पुठ्ठ्याचा वास. बुचातून आलेलं टीसीए हे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी पुरतं. ते घ्राणपेशींचे संदेशच दडपतं, म्हणून कधी दुर्गंध न येता नुसताच फळांचा वास मेलेला असतो. संकोच न करता सांगा. यजमान स्वतः हुंगून दुसरी बाटली उघडतो.

भेट आधी ठरवून जा. द्राक्षतोडणीच्या दिवसांत, बहुधा सप्टेंबरात, छोटे उत्पादक पाहुणे घेत नाहीत. वेळ सकाळची मागा, जेवणाआधीची. अत्तर लावू नका; चार माणसांच्या तळघरात तुमचा वास सगळ्यांच्या पेल्यात उतरतो.