रक्तवाहिनीदाह : उपचार आणि ग्रामीण विदर्भ

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर उलटली की त्या सुजतात. या सुजेला रक्तवाहिनीदाह म्हणतात. दवाखान्यात रूढ शब्द व्हॅस्क्युलायटिस. सुजलेली वाहिनी अरुंद होते, बुजते किंवा कमजोर होऊन फुगते. तिच्यावर जो अवयव अवलंबून असतो तो तक्रार करू लागतो. म्हणून एकाचे नाक वाहते, दुसऱ्याच्या पायावर चट्टे येतात, तिसऱ्याची किडनी गुपचूप निकामी होते. आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अंगावर डाग दिसले की ताट-वाटी वेगळी करणाऱ्या घरात हे आधी सांगावे लागते.

वर्गीकरण वाहिनीच्या आकारावरून होते. मोठ्या धमन्यांचा टाकायासु आजार जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासु यांनी १९०८ साली प्रथम मांडला. भारतात तो प्रामुख्याने तरुण स्त्रियांत आढळतो. लहान वाहिन्यांच्या प्रकारांपैकी आयजीए व्हॅस्क्युलायटिस प्रामुख्याने मुलांना होतो आणि बहुतेकदा आपोआप ओसरतो. जीपीए (ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस) हा प्रकार मात्र नाक, फुफ्फुस आणि किडनी तिन्ही धरतो. बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांची पायाची बोटे काळी पाडणारा बर्गरचा आजार याच्याच शेजारचा. त्यात सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडचा उपयोग नाही, तंबाखू पूर्ण सोडणे हाच उपचार. बिडी सोडून खर्ऱ्यावर, म्हणजे चघळायच्या तंबाखू-सुपारीवर, येणे म्हणजे सोडणे नव्हे.

विदर्भात निदान अडते ते आजार दुर्मीळ आहे म्हणून, आणि त्याहून जास्त त्याच्यासारखे दिसणारे आजार इथे भरपूर आहेत म्हणून. जीपीएमध्ये खोकल्यातून रक्त पडते, एक्स-रेत फुफ्फुसात पोकळी दिसते. साहजिकच टीबीचा कोर्स सुरू होतो. उलटही घडते. एएनसीए ही रक्ततपासणी क्षयरोगातही कधी कधी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे केवळ त्या कागदावर विसंबून स्टेरॉइड सुरू केले तर खरा टीबी भडकतो. पायाला मुंग्या, बधिरपणा, पाऊल लोंबणे ही लक्षणे नसांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सुजल्यानेही येतात. पण चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात, जिथे बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तिथे डॉक्टरच्या मनात आधी कुष्ठरोग यावा हे योग्यच आहे. घोट्याजवळची न भरणारी जखम सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचीही असू शकते, आणि पूर्व विदर्भात सिकलसेल नवा नाही. म्हणून इथे टीबी, कुष्ठरोग आणि सिकलसेल आधी तपासून बाजूला करणे हा निदानाचाच भाग मानावा.

महागड्या तपासण्यांकडे धावण्याआधी दोन स्वस्त गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतात. पहिली, लघवीची पट्टी: रक्त आणि प्रथिने दिसली तर किडनी धोक्यात असू शकते, आणि त्यावेळी माणसाला दुखत काहीच नसते. दुसरी, दोन्ही हातांची नाडी आणि दोन्ही हातांवरचा बीपी: दोहोंत मोठा फरक असेल तर एका हाताची धमनी अरुंद झालेली असू शकते. पायावरचे लालसर ठिपके काचेच्या पेल्याने दाबून पाहावेत. दाबूनही ते फिके पडत नसतील, तर ‘उष्णता झाली’ म्हणून थंडाई पीत बसू नये. सावळ्या कातडीवर हे ठिपके लाल न दिसता काळपट दिसतात, ते हाताला उंचवट्यासारखे लागतात. पक्क्या निदानासाठी कातडीचा किंवा किडनीचा तुकडा, म्हणजे बायोप्सी, लागते आणि त्यासाठी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम किंवा सावंगीचे, नाहीतर नागपूरचे मोठे रुग्णालय गाठावे लागते.

उपचाराचे दोन टप्पे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत आग विझवायची, पुढे दोन वर्षे किंवा अधिक काळ ती पुन्हा पेटू द्यायची नाही. जीपीएचे बहुतेक रुग्ण पूर्वी वर्षभरात दगावत. १९७०च्या दशकात सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि स्टेरॉइड एकत्र वापरल्यावर चित्र पालटले. रिटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत या आजारासाठी २०११मध्ये मान्यता मिळाली. हे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. पारा पंचेचाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यात ते पिशवीत घालून एसटीने आणण्याची गोष्ट नाही. ते रुग्णालयातच साठवून तिथेच घ्यावे.

घरी घेण्याच्या गोळ्यांत दोन चुका जिवावर बेततात. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी खाऊन तोंड सुजले, भूक वाढली म्हणून ती एकदम बंद करणे ही पहिली. बरेच आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवते. गोळी अचानक सुटली तर उलट्या होतात, बीपी कोसळतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दुसरी चूक मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलते, रक्तपेशी घटतात, माणूस मरूही शकतो. गावाच्या आठवडी बाजाराचा वार ठरवून दिला तर हा घोळ बराच टळेल.

प्रतिकारशक्ती दाबली जात असल्याने संसर्गाची भीती राहते. धानपट्ट्यात रोवणीला, म्हणजे भातलावणीला, अनवाणी चिखलात उभे राहावे लागते, आणि मातीतला स्ट्राँगिलॉइड्स हा जंत पायाच्या कातडीतून शिरतो. एरवी निमूट असलेला हा जंत स्टेरॉइडवर असलेल्या माणसात सर्वांगात पसरू शकतो. त्यामुळे सुरुवातीलाच जंतांचे औषध, टीबी आणि हिपॅटायटिस बीची तपासणी हे सगळे उरकावे. सायक्लोफॉस्फमाइड चालू असताना भरपूर पाणी प्यावे, नाहीतर मूत्राशयातून रक्त येऊ शकते. अंगदुखीसाठी कोणाच्याही सांगण्यावरून वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. आधीच दुखावलेली किडनी त्यांनी बसते.

खर्चाचे गणित विचित्र आहे. किडनी गेल्यावरचे डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते, पण ती जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षे घरी घ्यायच्या गोळ्या आणि दर महिन्याच्या रक्ततपासण्या सहसा खिशातून होतात. मार्च २०२३पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट लागते, तेवढा आधार. कापूस विकला की दाखवू, असे म्हणणाऱ्याच्या किडनीला मात्र हंगाम कळत नाही.

टाकायासुच्या रुग्ण बहुधा मूल होण्याच्या वयातल्या असतात. मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड आणि त्यांच्यासारखेच प्रतिकारशक्ती दाबणारे मायकोफेनोलेट ही औषधे गर्भाला घातक आहेत. सायक्लोफॉस्फमाइडने वंध्यत्वही येऊ शकते. लग्न ठरत असेल किंवा दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर गोळ्या आधी बदलून घ्याव्या लागतात, आणि हे सासूसमोर न बोलता नर्सताईंशी एकटीने बोलण्याची सोय असावी. गरोदरपणात आणखी एक फसगत होते. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर आशाताई किंवा एएनएम मोजतील तो बीपी कमी भरतो, प्रत्यक्षात शरीरातला दाब खूप चढलेला असू शकतो. अशा बाईचा बीपी कोणत्या हाताला मोजायचा, की पायालाच मोजायचा, हे तज्ज्ञ डॉक्टरांनी तिच्या माता कार्डावर मराठीत लिहून द्यावे.