गांधी उठवणारी पेशी लशीच्या मदतीला

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हाताची चिघळली की काखेत. जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होऊन घुसखोराची ओळख पटवत असतात. लस दंडावर टोचली तरी तिचं खरं काम काखेतल्या अशाच ग्रंथींमध्ये चालतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले सोमन अब्राहम, अ‍ॅशली सेंट जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये लशीसोबत टोचायचे कृत्रिम कण तयार केले, ते या ग्रंथींना जागं करण्यासाठी. शरीरातली मास्ट पेशी जे कण बाहेर फेकते, त्यांची ही नक्कल. तिथवर पोचलेल्या दोन वाटा मात्र अगदी वेगळ्या आहेत.

पहिली वाट लशीत मिसळायच्या मदतनीस पदार्थाची, म्हणजे अ‍ॅज्युव्हंटची. हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस केली तेव्हा असा मदतनीस लागला नाही. तिच्यात मारलेले अख्खे जिवाणू होते आणि शरीर खवळायला तेवढं पुरेसं होतं. पुढे जिवाणूचं फक्त विष निर्विष करून टोचायची पद्धत आली. लस स्वच्छ झाली, पण मवाळही झाली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले गास्ताँ रामाँ घटसर्पावरच्या औषधासाठी घोड्यांना असं निर्विष केलेलं विष टोचत असत. टोचल्या जागी गळू झालेल्या घोड्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त मिळतं, हे त्यांनी हेरलं. मग १९२५ च्या सुमारास त्यांनी मुद्दाम सूज आणण्यासाठी पावाचा चुरा आणि टॅपिओका मिसळून पाहिला. टॅपिओका म्हणजे आपल्या उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचं पीठ. युक्ती लागू पडली!

१९२६ मध्ये इंग्लंडच्या अलेक्झांडर ग्लेनी यांनी त्याच कामासाठी तुरटी वापरली. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचे क्षार लशींत ठाण मांडून बसले ते आजवर. अमेरिकेत तर २००९ पर्यंत माणसांच्या लशींसाठी दुसऱ्या कुठल्याच अ‍ॅज्युव्हंटला परवानगी नव्हती. हे क्षार लस धरून ठेवतात आणि ती हळूहळू झिरपू देतात, असं ग्लेनींचं स्पष्टीकरण होतं. पुढे एका प्रयोगात टोचलेली जागाच दोनेक तासांत कापून काढली, तरी उंदरांचा प्रतिसाद तसाच राहिला. म्हणजे कोट्यवधी बाळांना दिलेल्या पदार्थाचं काम नेमकं कसं चालतं, हे बराच काळ कुणी नीट सांगू शकत नव्हतं. येल विद्यापीठाच्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये हीच गोष्ट आपल्या शास्त्राचं ‘गलिच्छ छोटं गुपित’ म्हणून बोलून दाखवली. धोक्याची खूण पटल्याशिवाय शरीर नुसत्या परक्या प्रथिनाची दखल घेत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग अशा खुणा ओळखणारे, पेशींवरचे टोल-सदृश ग्राहक (रिसेप्टर) सापडले. कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू होता हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जेलवर अशाच ग्राहकांना चेतवणारा रेणू चढवला होता, ही गोष्ट मागे राहिली.

दुसरी वाट मास्ट पेशीची. १८७८ मध्ये लाइपझिगला पाउल एर्लिख या चोविशीतल्या विद्यार्थ्याने प्रबंधात या पेशीचं वर्णन केलं. रंग दिला की तिच्या पोटातले दाणे उठून दिसत. त्या दाण्यांत रक्त गोठू न देणारं हेपॅरिन असल्याचं १९३७ मध्ये स्वीडनमध्ये दिसलं, आणि १९५३ मध्ये अ‍ॅलर्जीत खाज-सूज आणणारं हिस्टामिनही सापडलं. तिथून ही पेशी बदनाम झाली. अंगावर गांधी उठल्या, शिंका सुरू झाल्या, दम लागला, की बोट तिच्याकडे. पण फक्त त्रास देण्यासाठी त्वचेत, फुप्फुसात, आतड्यात, जिथे जिथे बाहेरचं जग अंगाला भिडतं तिथे, अशी पेशी शरीराने पोसून ठेवली असेल हे मला तरी कधी पटण्यासारखं वाटलं नाही.

१९९६ मध्ये अब्राहम यांच्या गटाने आणि एका जर्मन गटाने एकाच वेळी दाखवलं की मास्ट पेशी नसलेले उंदीर जिवाणूंपुढे लवकर हरतात. या लढाईतला कळीचा रेणू म्हणजे टीएनएफ, पेशींनी एकमेकींना धोक्याचा इशारा द्यायला सोडायचं प्रथिन. २००३ मध्ये कळलं की संसर्गाच्या वेळी ग्रंथी फुगतात त्या मास्ट पेशींच्या टीएनएफमुळे. पण त्वचेतला रेणू लांबच्या ग्रंथीपर्यंत विरून न जाता पोचतो कसा? उत्तर २००९ मध्ये मिळालं. पेशी टीएनएफ सुटा सोडत नाही. ऋणभारित हेपॅरिन आणि धनभारित प्रथिनं यांच्या घट्ट दाण्यात बांधून तो लसिकेच्या, म्हणजे ऊतींतून ग्रंथींकडे वाहणाऱ्या द्रवाच्या, प्रवाहात सोडते, आणि ग्रंथीत पोचल्यावर तो हळूहळू सुटतो.

दरम्यान, २००८ मध्ये याच गटाने मास्ट पेशींना दाणे सोडायला लावणारी रसायनं लशीत मिसळली होती. उंदरांत प्रतिपिंडं वाढली. पण अ‍ॅलर्जीच्या माणसात याच पेशी मुद्दाम चेतवायच्या, ही कल्पना डॉक्टरांच्या गळी उतरणं कठीण. त्यापेक्षा पेशीला हात न लावता तिचा दाणाच बाहेर बनवणं शहाणपणाचं. तो बनवायला सोपाही निघाला. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारं कायटोसान धनभारित असतं. ते हेपॅरिनसोबत आलं की कण आपोआप जुळतात, आणि आत टीएनएफ कोंडता येतो. इन्फ्लुएंझाच्या प्रथिनासोबत हे कण टोचलेले उंदीर एरवी जीवघेण्या ठरणाऱ्या संसर्गातून वाचले. टीएनएफऐवजी आयएल-१२ हे दुसरं इशारा देणारं प्रथिन भरलं तर प्रतिसादाची दिशाच बदलते, असंही दिसलं. माझ्या मते खरी नवलाई इथे आहे. तुरटीने प्रतिसाद वाढतो, पण तो कसा हवा हे तिला सांगता येत नाही.

आजवर माणसांच्या कुठल्याही मान्यताप्राप्त लशीत हे कण आलेले नाहीत. टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू. संधिवातात त्यालाच रोखणारी औषधं देतात. लस मात्र धडधाकट बाळांना द्यायची असते. शिवाय समोर स्पर्धेला अ‍ॅल्युमिनियम आहे: स्वस्त, आणि नव्वदहून अधिक वर्षं वापरात मुरलेलं.