रोल लिफ्ट की जॅब लिफ्ट?

आयर्लंडच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या सांघिक खेळात जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही. आधी तो हर्लीने, म्हणजे ॲश नावाच्या झाडाच्या लाकडापासून केलेल्या रुंद पात्याच्या काठीने, वर काढायचा आणि मगच हातात घ्यायचा. चेंडू असा उचलण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत, रोल लिफ्ट आणि जॅब लिफ्ट. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईबापांना दोन्ही सारख्याच वाटतात: पोर वाकलं, काठी हलली, चेंडू हातात आला. ओळखायची खूण सोपी आहे. पातं आधी चेंडूवर टेकलं तर रोल, सरळ खाली शिरलं तर जॅब.

रोलमध्ये पात्याच्या टोकाने चेंडू स्वतःकडे ओढतात आणि तो गडगडत येत असतानाच टोक चटकन त्याच्याखाली सरकवतात. चेंडू आपल्याच गतीने पात्यावर चढतो. जॅबमध्ये हे ओढणं नाहीच. गुडघे वाकवून, पाऊल चेंडूच्या बाजूला रोवून, पातं जमिनीलगत त्याच्याखाली सारायचं आणि हलका झटका द्यायचा. विटी कोलल्यासारखंच, पण चेंडू लांब न उडता आपल्याच तळहातात यायला हवा. दोन्हीत जोरकस हात काठीच्या वरच्या टोकाला असतो आणि झेलायचं काम दुसऱ्या हाताचं.

लहान मुलांचं जॅबमध्येच जास्त बिनसतं. काठी उभी राहते आणि चेंडू वर न येता पुढे ढकलला जातो. प्रशिक्षक ‘वाक, वाक’ ओरडत राहतात, पण माझ्या मते आधी काठी बघावी. थोरल्या भावाची लांब हर्ली धाकट्याच्या हाती असेल, तर ती आडवी होणार कशी? चेंडूचंही तसंच. मोठ्यांचा स्लिटर, म्हणजे हर्लिंगचा चेंडू, 110 ते 120 ग्रॅमचा आणि टणक असतो. लहानांना हलका, मऊ चेंडू द्यावा. टेनिसचा चेंडू मात्र पात्यावरून टणाटण उसळतो, म्हणून उचलण्याच्या सरावाला तो मला पटत नाही.

रोलच्या सरावात आधी नुसतं मागे ओढणंच घोटून घ्यावं, उचलणं नंतर. जॅबसाठी चार-पाच चेंडू अंतराअंतरावर मांडावेत आणि मुलाने आधी चालत, मग पळत, न थांबता एकेक उचलत जावं. थांबलेल्या चेंडूला रोल बरा. पळता पळता उचलायचं तर जॅबच, कारण रोलच्या दोन हालचाली होईपर्यंत समोरचा येऊन पोचतो.

हा फरक मुलांच्या अंगी भिनतो तो दोघांत एक चेंडू सोडल्यावर. तेव्हा दोन डोकी एकाच जागी वाकतात. जाळीचं हेल्मेट 2010 पासून सगळ्या वयोगटांना सक्तीचं आहे. त्यामुळे ते नसलेल्या मुलाला या खेळात उतरवूच नये.