खंडित व अखंडित सामग्री

सांख्यिकीत संख्यात्मक सामग्रीचे, ती गणनेने मिळते की मापनाने, यावरून मानलेले दोन प्रकार. जिची नोंद घेतली जाते त्या बदलत्या राशीला चल म्हणतात. खंडित चलाला एकमेकांपासून सुट्या असलेल्या किमतीच घेता येतात. अखंडित चल एखाद्या अंतरालातील कोणतीही किंमत घेऊ शकते. रावेर-यावल भागातील केळीच्या मृगबागेत (मृगाच्या सुमारास लावलेल्या बागेत) किती खोडे आहेत, एका घडाला किती फण्या आल्या, ही खंडित सामग्री होय. त्याच घडाचे वजन व खोडाचा घेर ही अखंडित. भुसावळजवळील हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी उघडलेल्यांची संख्या पूर्णांकातच येते, मात्र त्यांतून तापीत होणारा विसर्ग अखंडित असतो.

दशांश चिन्हावरून प्रकार ठरवण्याची सवय फसवी आहे. बुटांची मापे ७, ७.५, ८ अशी असली तरी ती खंडितच, आणि जळगावचे कमाल तापमान ४४ अंश असे पूर्णांकात लिहिले तरी ते अखंडितच. तेथे पूर्णांक ही केवळ नोंदीच्या अचूकतेची मर्यादा असते. खंडित चलाच्या किमती मर्यादितच असाव्यात असेही नाही : छाप पडेपर्यंत नाणे किती वेळा उडवावे लागेल, याला वरची सीमा नाही.

हा भेद सर्वांत जास्त जाणवतो तो वर्गीकरणात. २०–२९, ३०–३९ असे वर्ग सलग करताना ०.५ वजा-मिळवण्याचा शालेय नियम सरसकट लावला जातो. जवळच्या पूर्ण किलोग्रॅमपर्यंत नोंदलेल्या वजनांना तो योग्य आहे व पहिला वर्ग १९.५–२९.५ होतो, परंतु पूर्ण झालेल्या वर्षांत सांगितलेल्या वयाला तो लागू नाही, कारण २९ वर्षे ११ महिन्यांची व्यक्तीही २९ च सांगते. म्हणून वर्ग २०–३० व मध्य २५ घ्यावा लागतो, २४.५ घेतल्यास सरासरी वय अर्ध्या वर्षाने कमी येते.

खंडित सामग्रीसाठी अंतर सोडून काढलेला स्तंभालेख, तर अखंडितासाठी एकमेकांना लागून असलेल्या आयतांचा आयतालेख वापरतात. अखंडित चलाची नेमकी एकच किंमत येण्याची संभाव्यता शून्य असल्याने तेथे अंतरालाचीच संभाव्यता काढतात. कापसाचा क्विंटलचा भाव काटेकोरपणे पाहता पैशांच्या टप्प्यांनी बदलणारा, म्हणजे खंडित. पण टप्पा भावाच्या मानाने नगण्य असल्यामुळे व्यवहारात तो अखंडित मानणेच सोयीचे ठरते.