तोड्याची की चकमकीची? ठासणीच्या दोन बंदुका आणि त्यांच्यातला फरक

संग्रहालयात काचेमागे लांबलचक जुनी बंदूक दिसली की आपण सगळे तिला एकच नाव देतो: ठासणीची बंदूक. नाव चुकीचं नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने ठासून बार भरायचा, अशी कुठलीही बंदूक ठासणीचीच. पण या एका नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं येतात, तोड्याची बंदूक आणि चकमकीची बंदूक. दोन्हींमध्ये इतकी सरमिसळ होते की ऐतिहासिक मालिकेत मावळ्याच्या हाती कंपनी सरकारच्या शिपायाची बंदूक दिसली तरी कुणाला काही वाटत नाही. मला मात्र ते खटकतं. बंदूक बदलली की रात्रीचा छापा बदलतो, पलटणीची रांग बदलते, दारूगोळ्याची राखण बदलते.

फरक एवढाच लक्षात ठेवायचा की विस्तव कुठून येतो. तोड्याच्या बंदुकीत तो आधीच पेटलेला असतो आणि शिपाई तो सोबत घेऊन हिंडतो. चकमकीच्या बंदुकीत विस्तव चाप ओढल्यावर तयार होतो. बाकी सगळे फरक इथूनच निघतात.

दारू दोन्हींना एकच लागते, शोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू. मुख्य बार नळीत असतो. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाला लागून बाहेर छोटा प्याला असतो आणि त्यात चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. रंजक पेटली की तिची ज्वाळा कानातून आत शिरते आणि बार उडतो. कधीकधी रंजक भपकन जळून जाते आणि आतला बार तसाच राहतो. हा दोष दोन्ही बंदुकांत आहे. कान काजळीने बुजला की हमखास असंच होतं, म्हणून जुन्या बंदुकींना कान साफ करायची सुई साखळीने अडकवलेली दिसते.

आता तोडा. तोडा म्हणजे शोऱ्याच्या पाण्यातून काढून वाळवलेली सुताची किंवा तागाची दोरी. ती ज्वाळेने जळत नाही, नुसती धुमसते, तासाला साधारण फूटभर. याचा अर्थ एका पहारेकऱ्याने दिवसरात्र तोडा पेटता ठेवला तर चोवीस फूट दोरी गेली. हजार माणसांच्या तुकडीचा हिशेब केला की केवढी दोरी गाठीला हवी ते कळतं. या दोरीचं टोक एका लोखंडी घोड्याच्या चिमट्यात अडकवलेलं असतं. चाप दाबला की घोडा खाली झुकतो आणि धुमसतं टोक प्याल्यातल्या रंजकेवर टेकतं. आत ना खटका, ना ठोका. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीत हा घोडा दस्त्यातल्या खाचेतून वर येतो आणि पुढे, म्हणजे नळीच्या तोंडाच्या दिशेने झुकतो. युरोपातल्या नेहमीच्या तोडेदार बंदुकीत तो उलट, नेमबाजाच्या अंगाकडे पडतो. आपली बंदूक ओळखायची ही पक्की खूण.

बार भरताना तोडा घोड्यातून काढून डाव्या हातात, दारूपासून लांब धरावा लागे. एका हातात विस्तव आणि दुसऱ्या हातात दारूचं पात्र, अशी ती कसरत. भरून झालं की तोडा परत चिमट्यात बसवायचा, त्याचं टोक रंजकेवर नेमकं पडतंय का ते पाहायचं, टोकावर साचलेली राख फुंकून निखारा लाल करायचा, प्याल्याचं झाकण सरकवायचं आणि मग नेम धरायचा. राख फुंकायची राहिली तर चाप दाबूनही काही होत नसे.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारेचा, म्हणजे गारगोटीचा, कपचा असतो. तो चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून स्क्रूने घट्ट आवळलेला असतो. घोडा मागे खेचला की आतली कमान ताणली जाते. चाप ओढला की घोडा झपकन पुढे येतो आणि गार समोरच्या उभ्या पोलादी पात्यावर घासते. ठिणग्या गारेच्या नसतात. गारेने खरवडलेले पोलादाचे बारीक कण तापून हवेत पेटतात, त्या ठिणग्या. त्याच धक्क्याने पातं पुढे, नळीच्या तोंडाकडे उलटतं, पात्याचाच भाग असलेलं प्याल्याचं झाकण उघडतं आणि ठिणग्या थेट रंजकेवर पडतात. ठिणगी पाडणं आणि झाकण उघडणं ही दोन्ही कामं एकाच पात्याकडून करून घेण्यात या रचनेचं खरं डोकं आहे. ही घडण सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पक्की झाली आणि तिचं श्रेय बहुधा मारीं ल बुर्ज्वा या कारागिराला दिलं जातं. घोडा अर्धा खेचून अडकवूनही ठेवता येतो, त्यामुळे भरलेली बंदूक खांद्यावर टाकून चालता येतं. तोड्याच्या बंदुकीत ही सोय नाही.

रात्री या फरकाची किंमत कळते. पेटता तोडा अंधारात दिसतो आणि त्याचा वास वाऱ्यावर पुढे जातो. छाप्याला निघालेल्या तुकडीला दोन्ही गोष्टी घातक. हीच गोष्ट हुलकावणी द्यायलाही वापरता येई. इंग्लंडच्या यादवी युद्धात, ५ जुलै १६४३ रोजी लॅन्सडाउनच्या लढाईनंतर संसदेचा सेनापती वॉलर याच्या फौजेने रात्री माघार घेतली, तेव्हा पेटते तोडे भिंतीवर तसेच सोडले. समोरच्यांना वाटलं शत्रू अजून तिथेच आहे. दारूच्या गाड्यांभोवती तर धुमसती दोरी नकोच, म्हणून तोफखान्याच्या रखवालीवरच्या शिपायांना युरोपात चकमकीच्या बंदुका आधी मिळाल्या. इंग्लंडमध्ये १६८५ साली उभी राहिलेली फ्यूझिलियर पलटण मुळात याच कामासाठी होती.

रांगेचंही तसंच. पेटते तोडे घेतलेली माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहू शकत नाहीत, शेजाऱ्याची दारू भडकायची भीती. चकमकीने रांग दाट झाली. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढू लागला. तोड्याच्या बंदुकीला एवढा वेग शक्य नव्हता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग तोड्याची बंदूक मागासलेली. हे मला अजिबात मान्य नाही. तिच्यात जोरकस ठोका नसल्याने नेम धरलेला हात हलत नाही. हिंदुस्थानी तोडेदार बंदुकीची नळी लांब आणि जाड, मार लांबचा. तिचा पल्ला आणि नेम कंपनीच्या मस्केटीपेक्षा, म्हणजे शिपायाच्या चकमकीच्या बंदुकीपेक्षा, सरस असल्याचं कंपनीच्या अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवलं आहे. चकमकीला चांगल्या पाण्याच्या पोलादाची कमान लागते, पातं कठीण लागतं, गार थोड्याथोड्या बारांनी बदलावी लागते. तोड्याची बंदूक गावचा लोहार दुरुस्त करी आणि दोरी कुठेही वळता येई. चितोडच्या वेढ्यात १५६८ साली अकबराने जयमल राठोडला टिपलं ते ‘संग्राम’ नावाच्या त्याच्या आवडत्या बंदुकीने, असं अबुल फजल सांगतो. ती तोडेदार होती. जपानमध्ये १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर पोचलेली बंदूक तोड्याचीच. तिची घडण गोव्यात बनणाऱ्या बंदुकांची होती, असं अनेक अभ्यासक मानतात. ती जपान्यांनी पुढे तीनशे वर्षं वापरली.

आता मराठी मुलुखाकडे येऊ. इथे एक सोपं समीकरण रूढ आहे: तोडा मराठ्यांचा, चकमक इंग्रजांची. पहिलाच पुरावा त्याच्या आड येतो. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवकाळातल्या पायदळाचं वर्णन आहे. मावळ्यांकडे तलवार आणि तोड्याची बंदूक, पण कोकणातल्या हेटकऱ्यांकडे तोड्याऐवजी चकमकीच्या जातीची बंदूक होती, असं तो स्पष्ट लिहितो. नेमबाजीत हेटकऱ्यांचं नाव होतंच. गोव्यातून पोर्तुगीजांची हत्यारं किनाऱ्यावर येत होती, हे ध्यानात घेतलं तर नवल वाटायला नको. म्हणजे शिवकाळातल्या माणसाच्या हाती चकमक दाखवली की ती चूकच, असंही नाही. चूक होते ती सह्याद्रीवरच्या मावळ्याच्या हाती रुंद दस्त्याची, संगीन लावलेली कंपनीची मस्केट दिली की. तो नमुना पुढल्या शतकातला.

अठराव्या शतकात दोन्ही बंदुका एकाच फौजेत नांदल्या. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याची पलटणं फ्रेंच कवायतीची होती, तो फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइन या फिरंगी सेनानीकडून उत्तरेत पलटणं उभी केली. त्यांतल्या तेलंगा पलटणींकडे चकमकीच्या मस्केटी होत्या आणि नजीब पलटणींकडे तोड्याच्या बंदुका, त्यांनाही संगिनी लावलेल्या. महादजींच्या आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर चकमकीच्या बंदुका घडवी आणि एक बंदूक सुमारे दहा रुपयांना पडे, अशी नोंद आहे. नवं आलं म्हणून जुनं फेकलं नाही. दोन्हींचं काम वेगळं ठरवून घेतलं, आणि मला ही व्यवहारी बुद्धी फार मोलाची वाटते.

पावसापुढे मात्र दोघींची सारखीच गत. भिजला तोडा विझतो, भिजली रंजक पेटत नाही. प्लासीला २३ जून १७५७ रोजी सर आली, तेव्हा इंग्रजांनी दारू ताडपत्रीखाली झाकली आणि नवाबाची दारू भिजली.

संग्रहालयात पाहताना पाटीवर विसंबू नका, नळीच्या बुडाशी उजव्या बाजूला पाहा. सरळ, अरुंद दस्ता, त्यातल्या खाचेतून डोकावणारा दुभंगल्या टोकाचा बारीक घोडा, नळी दस्त्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेने बांधलेली: तोडेदार. बाहेरच्या लोखंडी पट्टीवर हंसाच्या मानेसारखा वळलेला जाड घोडा, त्याच्या माथ्यावर स्क्रू, समोर उभं पातं: चकमक. म्हैसूरच्या काही बंदुकांवर हाच घोडा वाघाच्या रूपात घडवलेला दिसतो, म्हणजे टिपूच्या कारखान्यातली. घोडा आहे, पण जबडाही नाही आणि पातंही नाही, नुसती एक बोंडी आहे, तर ती तिसरी जात, टोपीची बंदूक: बोंडीवर बसवलेली स्फोटक टोपी घोड्याच्या ठोक्याने फुटते आणि बार उडतो. ती इंग्रजी फौजेत १८४०च्या सुमारास आली आणि कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर आजही दिसते ती बहुतेक हीच. जुनी चकमक काढून टोपीची सोय केलेल्या बंदुकाही बऱ्याच आहेत. पट्टीवर बुजवलेली भोकं दिसली तर असा बदल झालाय हे समजावं.

शेवटी, हौसेने या बंदुका चालवू पाहणाऱ्यांसाठी. काळी दारू घरी करून पाहण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. घर्षणाने किंवा एका ठिणगीने ती भडकते, आणि परवान्याशिवाय ती बनवणं स्फोटकांच्या कायद्याने गुन्हा आहे. माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर ती भरलेली आहे असंच धरून चाला, कारण कोरडी राहिलेली काळी दारू शेकडो वर्षांनीही पेटते. घोडा खेचून पाहू नका, कानात तार घालू नका, नळी गरम करून गंज काढू नका. तोंड कुणाकडेही न वळवता ती आहे तिथेच ठेवा, पोलीस ठाण्याला कळवा आणि परवानाधारक बंदूक कारागिराकडून तपासून घ्या. पुरातन आणि वापरायला निकामी शस्त्रांना १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे लेखी घेतल्याखेरीज ती भिंतीवर टांगू नका.