हलक्या विमानाचा उड्डाणसमयीचा अपघात

हलके विमान धावपट्टीवर वेग घेत असताना, जमीन सोडताना किंवा त्यानंतरच्या पहिल्या काहीशे फुटांच्या चढाईत होणारा अपघात. कमाल उड्डाणवजन साधारण ५,७०० किलोपर्यंत असलेली विमाने हलकी मानली जातात. प्रशिक्षणाची दोन-चार आसनी, एका इंजिनाची विमाने यातच मोडतात. या टप्प्यात इंजिन पूर्ण जोरावर असते, पण वेग, उंची आणि वेळ या तिन्हींची वैमानिकाजवळ वानवा असते.

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, असा समज आहे. प्रत्यक्षात सेस्ना १७२ सारखे विमान इंजिनाविना आपल्या उंचीच्या सुमारे नऊपट अंतर तरंगत जाते. घात होतो तो पुष्कळदा मागे वळण्याच्या मोहापायी. मागे नुकतीच सोडलेली धावपट्टी असते, समोर शेते, झाडी, तारा. पण सेकंदाला ३ अंश या नेहमीच्या गतीने अर्धे वर्तुळ वळायला १ मिनिट लागते, आणि ३०० फुटांवरून असे विमान अर्ध्या मिनिटात खाली येते. मग वैमानिक वळण आवळतो. ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान उचलून धरू शकत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ५० नॉटला (ताशी सागरी मैलांना) स्टॉल होणारे विमान आता ६० नॉटलाच होते. पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो, एक पंख खाली जातो, विमान गिरकी घेते आणि सावरायला उंची उरलेली नसते. म्हणून शिकाऊ वैमानिकाला पहिल्यापासून बजावलेले असते: नाक खाली घ्या, वेग राखा, समोर किंवा किंचित डावी-उजवीकडे उतरा. विमान मोडले तर मोडू दे. ताब्यात ठेवून टेकवले तर माणसे वाचतात, हा अनुभव आहे.

इंजिन दगा देते त्यामागची कारणे बरीचशी साधी असतात. इंधनात मिसळलेले पाणी जड असल्याने टाकीच्या तळाशी साचते. म्हणून उड्डाणाआधी तळाच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरतात. निळसर पेट्रोलखाली पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. मात्र पेलाभर पाणीच आले तर दोघांमधली रेषा दिसत नाही आणि घाईत डोळा फसतो. रंग आणि वास दोन्ही तपासावे लागतात. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरायलाही कडाक्याची थंडी लागत नाही, दमट हवेत २५ अंश सेल्सिअसलाही तो धरतो.

इंजिन ठणठणीत असूनही विमान उचलत नाही, असेही घडते. वजन १० टक्क्यांनी वाढले तर उड्डाणाला लागणारे अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्यात आणि उंचावरच्या विमानतळांवर हवा विरळ असल्याने ते आणखी लांबते. सामान मागे भरले तर नाक वर जाऊ पाहते. २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामातील मार्श हार्बर येथे सेस्ना ४०२ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून अमेरिकी गायिका आलिया हिच्यासह नऊही जण दगावले. विमानाचे वजन मर्यादेबाहेर होते आणि गुरुत्वमध्य फार मागे गेला होता.

पार्किंगमध्ये वाऱ्यापासून जपण्यासाठी विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांना लावलेले लॉक काढायचे राहणे हा आणखी एक जुना घात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ याच चुकीने कोसळले. ते हलके नव्हते, चार इंजिनांचे होते. पण वैमानिकांच्या हाती लेखी चेकलिस्ट आली ती या अपघातानंतर, आणि आज सर्वांत लहान विमानातही ती असते.

तपासात अवशेषांपैकी पंख्याची (प्रोपेलरची) पाती आधी पाहतात. इंजिन जोरात फिरत असेल तर पाती पिळवटतात आणि त्यांच्या पुढच्या कडा ओरबाडल्या जातात. ते थांबलेले असेल तर बहुधा एक पाते मागे वाकलेले आणि दुसरे जवळजवळ सरळ मिळते.